जर्मनीतल्या उकरमार्क जिल्ह्याची बस: एका निवृत्त एसटीवाल्याचं मत

पाचपैकी चार. सोमवार ते शुक्रवार, दिवसाउजेडी, पूर्ण पाच द्यायला हरकत नाही. रविवारी आणि संध्याकाळ उलटल्यावर दोनच. तरी एकूण चार दिले, कारण ही सेवा मुळात ज्यांच्यासाठी उभी केली आहे त्यांना ती चोख मिळते.

मी नगर जिल्ह्यातल्या एका आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई आंगरम्युंडेला राहतात. बर्लिनच्या ईशान्येला, पोलंडच्या सरहद्दीकडे जाताना लागणारं उकरमार्क जिल्ह्यातलं हे छोटं गाव. दोघांच्या नोकऱ्या बर्लिनमध्ये, पण घरभाडं तिथलं परवडत नाही म्हणून रेल्वेने ये-जा करतात. उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे होतो. पोरं कामावर गेली की आम्ही थांब्यावर. लेक म्हणत होती, "बाबा, शनिवार-रविवारी आम्ही गाडीने फिरवू, तुम्ही कशाला दगदग करता?" पण ज्याने जन्मभर फेऱ्या लावल्या, त्याला दुसऱ्याने लावलेल्या फेऱ्या बघण्यात जी गोडी आहे ती मोटारीत नाही.

जर्मनीतल्या गाड्यांबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बर्लिनच्या, म्युनिकच्या मेट्रोचं. खेड्यातल्या बसबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून हे सविस्तर.

आधी जिल्हा समजून घ्यायला हवा, नाहीतर बसला दिलेले गुण कळणार नाहीत. उकरमार्कचं क्षेत्रफळ सुमारे 3,077 चौरस किलोमीटर आहे. जारलँड हे जर्मनीतलं अख्खं राज्य याहून लहान. आणि माणसं किती? सव्वा लाखाच्या आत. चौरस किलोमीटरला चाळीसही नाहीत. आपला नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या जनगणनेत 45 लाखांवर लोकसंख्येचा. तिथे हा हिशेब 266 येतो. टेम्प्लिन नावाच्या तिथल्या एका गावाची नगरपालिका हद्द 377 चौरस किलोमीटर आहे. 2017 च्या आधी पुणे महापालिकेची हद्दसुद्धा एवढी नव्हती. त्या हद्दीत राहतात सोळा हजारांच्या आसपास लोक! मधे नुसती जंगलं, तळी आणि शेतं. अशा ठिकाणी प्रवासी कुठून आणायचा, हा प्रश्न आमच्या खात्यातला माणूस सर्वांत आधी विचारेल.

जमीन सपाट नाही. हिमयुगातल्या हिमनद्या वितळताना जी माती-दगड टाकून गेल्या त्यांच्या लांबच लांब टेकड्या आहेत आणि मधल्या खोलगट जागांत शेकडो तळी. तोच दगड, गोल-गोल, लालसर-करडा, शेतात निघतो. त्याच दगडात गावोगावची जुनी चर्चं बांधली आहेत आणि टेम्प्लिनचा गावकोटही. तो कोट जवळजवळ अखंड उभा आहे, सौभाग्यवतींना आख्खी फेरी मारायची होती, मारली. अँगेला मर्केल याच टेम्प्लिनमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या. रस्ते दोन्ही बाजूंनी झाडांच्या कमानींचे, वळणावळणाचे, काही खेड्यांत अजून दगडी फरसबंदीचे. फरसबंदीवर बस हळू चालवावी लागते, रनिंग टाइम वाढतो. वेळापत्रक लावणाऱ्याने तो धरलेला आहे, हे मी घड्याळ लावून तपासलं.

आता रेल्वे. जिल्ह्यात चार मोठी गावं: प्रेन्झलाउ, आंगरम्युंडे, श्वेड्ट आणि टेम्प्लिन. चारही गावांतून बर्लिनकडे रेल्वे आहे. आंगरम्युंडे हे जंक्शन. बर्लिनहून श्टेटिनला, म्हणजे आताच्या पोलंडमधल्या श्चेचिनला जाणारी लाइन 1843 पासून इथूनच जाते. इथून तासाभरात बर्लिन, उत्तरेला प्रेन्झलाउ, पूर्वेला श्वेड्ट. टेम्प्लिनची गोष्ट मात्र वेगळी. त्याची गाडी त्सेडेनिक, ओरानिएनबुर्गवरून थेट बर्लिनला जाते. टेम्प्लिन ते प्रेन्झलाउ रेल्वे पूर्वी होती, ती 2000 च्या सुमारास बंद झाली. टेम्प्लिनहून लीशेनकडे जाणारी दुसरी लाइनही बंद पडली; त्या रुळांवर आता हौशी लोक पायाने ट्रॉली चालवत फिरतात. म्हणजे टेम्प्लिनच्या माणसाला राजधानीला जायचं तर रेल्वे आहे, स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत जायचं तर बस. उभे धागे रेल्वेचे, आडवे धागे बसचे. आडवा धागा तुटला की जिल्हा हा जिल्हा राहत नाही, चार वेगवेगळ्या गावांचे लोक फक्त बर्लिनकडे तोंड करून बसतात.

तसं ते आधीपासून होतंच म्हणा. हा जिल्हा 1993 च्या डिसेंबरात तयार झाला. त्याआधी प्रेन्झलाउ, टेम्प्लिन, आंगरम्युंडे असे तीन जिल्हे होते आणि श्वेड्ट शहराचा कारभार स्वतंत्र. चौघांना एकत्र केलं, कचेरी प्रेन्झलाउला गेली, मोटारींच्या पाटीवर "यूएम" ही अक्षरं आली. वीसेक वर्षांनी जुनी अक्षरं पुन्हा लावायची मुभा मिळाली, तर लोकांनी हौसेने जुन्या पाट्या घेतल्या. आंगरम्युंडेच्या रस्त्यावर "एएनजी" दिसते, टेम्प्लिनला "टीपी". आपल्याकडे जिल्हा विभाजनाची नुसती चर्चा निघाली तरी मुख्यालय कुठे यावरून बंद पुकारले जातात. तेव्हा मला यात परकं काही वाटलं नाही.

प्रेन्झलाउची जिल्हा कचेरी कार्ल मार्क्स रस्त्यावर आहे. तिथला प्रमुख, त्याला लांडराट म्हणतात, हा आपल्या कलेक्टरसारखा सरकारने नेमलेला अधिकारी नाही. हा जिल्हा ज्या ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे, तिथे 2010 पासून जिल्ह्याचे मतदार त्याला थेट निवडतात, आठ वर्षांसाठी. अट अशी की जिंकणाऱ्याला एकूण मतदारांपैकी किमान 15 टक्के मतं पडली पाहिजेत. नाही पडली तर निवड जिल्हा सभागृह करतं. हे सभागृह म्हणजे आपली जिल्हा परिषदच समजा, दर पाच वर्षांनी निवडणूक.

आणि इथेच बसचा संबंध येतो. रेल्वेच्या गाड्या राज्य सरकार ठरवतं. बस मात्र जिल्ह्याची जबाबदारी. किती फेऱ्या, कुठल्या गावाला, किती पैसा, हे जिल्हा सभागृहात ठरतं, त्याचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा मंजूर होतो. गावातली फेरी गेली तर लोक ज्या सदस्याला जाब विचारतात, तोच मतदानाला त्यांच्या दारात येणार असतो. आमच्याकडे फेरी बंद करायची की नाही याचा हिशेब किलोमीटरमागच्या उत्पन्नावर व्हायचा. भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, कमी, फेरी तोट्यात, वरून पत्र. ग्रामपंचायतीचा ठराव यायचा, आमदारांचं शिफारसपत्र यायचं, विद्यार्थी आगाराच्या फाटकात ठिय्या द्यायचे. पण सही करणारा माणूस त्या गावाला उत्तरदायी नव्हता. मीही नव्हतो. एसटीवर माझं प्रेम आहे, 1948 साली पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली त्या रस्त्यावरचा मी माणूस आहे, आणि म्हणूनच लिहितो: ग्रामीण फेऱ्यांच्या वेळापत्रकावर जिल्हा परिषदेचा अधिकार असावा, आणि त्यासाठी पैसाही तिच्या हातात असावा. उकरमार्कला हे चालतंय, ते मी पाहिलं.

अजून एक गोष्ट मला फार भावली. ब्रांडेनबुर्गमध्ये जिल्ह्याच्या निवडणुकीत सोळा वर्षांपासून मत देता येतं. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या नागरिकालाही देता येतं. गार्त्स, मेशेरीन या ओडर नदीकाठच्या गावांत बरेच पोलिश लोक राहायला आले आहेत, श्चेचिन शहर तिथून जवळ आणि घरं स्वस्त. म्हणजे दहावीतली पोरगी जी सकाळी बसने शाळेत जाते, आणि पोलंडहून आलेली तिची आई, दोघीही त्या बसचा निर्णय घेणाऱ्यांना मत देऊ शकतात.

बसमध्ये चढू या. थांबा म्हणजे एक खांब, वर पिवळ्या गोलात हिरवा एच. खाली काचेच्या चौकटीत वेळापत्रक. मी प्रत्येक खांबापाशी चष्मा लावून उभा राहायचो, सौभाग्यवती कंटाळायच्या. त्या कागदावर वेळेपुढे छोटी खुणेची अक्षरं असतात आणि सगळा अर्थ त्यांच्यात आहे. अमुक फेरी फक्त शाळेच्या दिवशी, तमुक फक्त सुट्टीत. शाळेला मुलं पोचवणं हे कायद्याने जिल्ह्याचं काम आहे, त्यामुळे वेळापत्रकाचा कणा तोच. 1990 नंतर, पूर्व जर्मनी संपल्यावर, इथली तरुण माणसं पश्चिमेला गेली, जन्म एकदम घटले, लहान गावांतल्या शाळा बंद झाल्या. उरलेल्या शाळा लांब. पहिलीतलं पोरसुद्धा पाठीवर स्वतःपेक्षा रुंद दप्तर घेऊन बसने जातं. कंडक्टर नाही. पोरं ओळीने पुढच्या दाराने चढतात, पास दाखवतात, चालक प्रत्येकाला सकाळचा नमस्कार घालतो. प्रत्येकाला! आणि पोरंही उलट घालतात.

एका सकाळी गेर्सवाल्डेकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही पुढच्या बाकावर होतो. थांब्यावर एक आजी, हातात चाकांची ढकलगाडी, जिच्या आधाराने तिथली म्हातारी माणसं चालतात. चालकाने गाडी फुटपाथला इतकी चिकटवून लावली की मधे हाताचे चार बोटं राहिली असतील. मग कळ दाबली, हवा सुटल्याचा आवाज झाला आणि गाडीची दाराकडची बाजू खाली झुकली. आजी ढकलगाडीसकट आत आल्या, मोकळ्या जागेत गाडीला ब्रेक लावला, बसल्या. त्या बसेपर्यंत चालकाने आरशात बघत गाडी हलवली नाही. मग पुन्हा बाजू वर, आणि निघाली. मागे कुणी "चला, चला" केलं नाही. आणि पुढच्या जंक्शनवर रेल्वेला दोन मिनिटं राखून पोचलो. वेळापत्रकात आजींसाठी वेळ धरलेला असतो तेव्हाच चालक असा शांत राहू शकतो. आमच्या चालकांना उद्धट म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचा रनिंग टाइम बघावा.

माल वाहण्याबद्दल आता थोडं जास्त लिहितो, कारण ते बघायलाच मी खरा उत्सुक होतो. 2012 साली या जिल्ह्यात "कोम्बीबुस" नावाची योजना सुरू झाली: रोजच्या प्रवासी बसमधून स्थानिक माल पोचवायचा. मध, सफरचंदाचा रस, चीज, मांस, असं शेतकऱ्याकडून दुकानात, हॉटेलात. एवढ्या विरळ वस्तीत छोट्या शेतकऱ्याने दोन खोके द्यायला पन्नास किलोमीटर टेम्पो हाकणं परवडत नाही. बस तर तशीही जाते आणि दुपारच्या फेरीत अर्धी रिकामी असते. मग प्रवाशाचे पैसे आणि मालाचे पैसे मिळून फेरी तगते. पूर्व जर्मनीच्या काळातही बसमधून माल जायचा, त्यामुळे जुन्या लोकांना यात नवल नव्हतं. मलाही नव्हतं. टपालाची पोती, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि भाजीची पोती, याच्यावरच आमच्या मुक्कामी गाड्या चालल्या. फरक शिस्तीचा. खोक्यावर चिठ्ठी, कुठल्या थांब्यावर कुणी घ्यायचं ते ठरलेलं, माल पट्ट्याने बांधलेला, आणि जबाबदारी कुणाची हे कागदावर. आपल्या महामंडळाने 2020 च्या टाळेबंदीत जुन्या बस कापून मालगाड्या केल्या, ते उत्तम केलं. पण अकोले तालुक्याच्या डांगाणातल्या बाईने केलेला हातसडीचा तांदूळ संगमनेरच्या दुकानात पोचवायला अख्खा ट्रक लागत नाही. संध्याकाळच्या परतीच्या फेरीत दोन पोती बसतात. हे करता येईल, नियम नीट लिहिले तर उद्यापासून.

आता उणी बाजू. ती या एकाच जिल्ह्याची नाही. जर्मनीच्या खेड्यापाड्यांत सगळीकडे हेच ऐकायला मिळतं. शाळेभोवती वेळापत्रक विणलं की शाळा नसेल तेव्हा भोकं पडतात. शाळेला सुट्टी लागली की फेऱ्या कमी. संध्याकाळी लवकर सामसूम. रविवारी कित्येक खेड्यांत एकही फेरी नाही. शेजारच्या एक बाई, ऐंशीच्या पुढच्या, नजर कमी झाल्याने मोटार सोडली. त्या म्हणाल्या, दवाखाना बसने होतो, बाजार बसने होतो, पण रविवारी बहिणीकडे जायचं तर कुणाची तरी विनवणी करावी लागते. बहीण दहा-बारा किलोमीटरवर. हे मला फार लागलं. वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला आपल्या एसटीत तिकीट लागत नाही, बाईमाणसाला निम्मं. तिथे गाडी स्वच्छ, झुकणारी, वेळेवर, पण रविवारी नाहीच. दोन्हीतलं काय चांगलं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, बहिणीकडे जाता यायला हवं. म्हणून एक गुण कापला.

यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे रूफबुस, फोन केल्यावर येणारी बस. आंगरम्युंडे आणि गार्त्सच्या भागात ही पद्धत बरीच जुनी आहे. ठरावीक अवधी आधी फोन करायचा, कुठून कुठे ते सांगायचं, गाडी त्या थांब्यावर येते. कुणी बोलावलंच नाही तर रिकामी फेरी मारत नाही, डिझेल वाचतं. कल्पना उत्तम आणि विरळ वस्तीला हीच योग्य. अडचण फोनची. जर्मन येत नसेल तर पलीकडच्या माणसाशी गावांची नावं बोलणं कठीण. आम्हाला लेकीकडून फोन करून घ्यावा लागला. आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्या म्हाताऱ्यांनाही तेच. तरी मी म्हणेन वापरा, एकदा सवय झाली की मोटारीची आठवण येत नाही.

तिकिटाबद्दल. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग मिळून एकच भाडेपद्धत आहे, त्यामुळे खेड्यातल्या बसमध्ये काढलेलं तिकीट पुढे रेल्वेला आणि बर्लिनच्या मेट्रोलाही चालतं, जिथपर्यंत काढलं तिथपर्यंत. जास्त फिरणार असाल तर डॉइचलांडटिकेट घ्या. 2023 च्या मे महिन्यात ते महिना 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 युरो होतं. देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे त्यात येतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. हे दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, तेव्हा परत यायच्या महिन्यात दहा तारखेच्या आत बंद करायला विसरू नका. एका विक्री ॲपने आमचं भारतीय कार्ड घेतलं नाही, जावईबापूंच्या खात्यावरून काढावं लागलं.

बर्लिनला पोरांकडे येणाऱ्या मराठी आईबापांनी निदान एक आठवडा इकडे काढावा. सोमवार ते शुक्रवारच ठरवा. श्वेड्टजवळचं क्रिवेन गाव बघा, ओडर नदीच्या पूरमैदानाचं राष्ट्रीय उद्यान तिथे आहे, शरद ऋतूत क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. श्वेड्टमध्ये तेलशुद्धीकरणाचा मोठा कारखाना आहे. नळाने येणारं रशियन तेल 2023 पासून जर्मनीने बंद केलं, आणि सगळं शहर त्या कारखान्याकडे डोळे लावून आहे, बसमध्येही तोच विषय निघतो. आंगरम्युंडेजवळ ग्रुमझिनचं बीच वृक्षांचं जंगल आहे, 2011 पासून जागतिक वारशात. रेल्वेची आवड असलेल्यांनी ग्रामत्सोचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय चुकवू नये. निघण्याआधी परतीची शेवटची फेरी कितीची आणि तिच्यापुढे शाळेच्या दिवसाची खूण आहे का, एवढं खांबावर बघून घ्या. सुटे युरो जवळ ठेवा, आणि चढताना चालकाला "गुटेन मोर्गेन" म्हणा, तो वाट बघत असतो.